उघड्या टपाची प्लिमथ आणि कुर्ल्याचा कारखाना

मुंबईत जुन्या गाड्यांची फेरी निघाली की रस्त्याकडेचे लोक तीन प्रश्न हमखास विचारतात. किंमत किती? लिटरला किती जाते? आणि ही अमेरिकेतून आणली कधी? यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याचं खरं उत्तर पुष्कळदा विचारणाऱ्याच्या घरापासून दोन-तीन स्टेशनांवर सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची प्लिमथ, डॉज किंवा डिसोटो समोर उभी असेल, तर ती अमेरिकेतून अख्खी आलेली असू शकते. तशीच ती पेट्यांमधून आलेल्या सुट्या भागांतून कुर्ल्यात जोडलेलीही असू शकते. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या लोकांचा या गाड्यांशी असलेला संबंध रस्त्यावरून पाहण्याइतकाच नाही. तो हात काळे करण्याचा आहे.

या प्रकरणात उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ: १९४६ ते १९४९ च्या सुरुवातीपर्यंत बनलेली प्लिमथ स्पेशल डिलक्स, उघड्या टपाची. या मालिकेच्या दहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यांत उघडणाऱ्या टपाच्या सुमारे १५,००० होत्या. अशी गाडी मुंबईत पुन्हा उभी करायची तर काय काय समजून घ्यावं लागतं, ते क्रमाने पाहू.

१. अमेरिकन गाडी मुंबईची कशी झाली?

आधी ‘जोडणी’ समजून घ्यायला हवी. पूर्ण बनलेली मोटार जहाजातून आणणं महाग पडतं, कारण आतल्या रिकाम्या जागेचंही भाडं द्यावं लागतं. तीच गाडी सुटी करून पेट्यांत भरली तर कमी जागेत जास्त गाड्या येतात. मग बंदराजवळ एक कारखाना काढायचा, पेट्या फोडायच्या, चासीवर एंजिन बसवायचं, बॉडी चढवायची, रंग मारायचा आणि गाडी विकायची. फोर्डने १९२६ साली भारतात कंपनी काढली आणि मुंबईत असंच काम सुरू केलं. जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता. डिसेंबर १९२८ मध्ये तिथून पहिली शेव्हरोले बाहेर पडली.

या पद्धतीत इथल्या कामगारांना जोडायला मिळत होतं, बनवायला मिळत नव्हतं. गाडीचं एंजिन, गिअर, धुरे सगळं परदेशातून येई. हीच गोष्ट वालचंद हिराचंद यांना खुपत होती. सोलापूरचा हा उद्योजक तोवर जहाजांच्या धंद्यात इंग्रज कंपन्यांशी भिडला होता. त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. मोटार इथेच बनली पाहिजे, असा आग्रह सर विश्वेश्वरय्याही धरत होते आणि त्यांनी त्याची योजनाही तयार केली होती. वालचंद १९३९ साली बोलणी करायला अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. याच दौऱ्याच्या परतीच्या विमानप्रवासात त्यांना विमानांच्या धंद्यातले विल्यम पॉली भेटले आणि त्या ओळखीतून बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला. मोटारीसाठी निघालेल्या माणसाच्या हाती आधी विमानं लागली.

मोटारीला मात्र वेळ लागला. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने मोटार कारखान्याला पाठबळ दिलं नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि डॉज, फार्गो, डिसोटो हे ट्रक तिथे तयार होऊ लागले. कुर्ल्याचा भर चार दारांच्या बंद गाड्यांवर आणि ट्रकवर होता. उघड्या टपाची गाडी हा तेव्हाही श्रीमंती षोक होता. पण तिचं यंत्र तेच होतं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावरच अवलंबून आहेत.

पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने धोरण ठरवलं की जे टप्प्याटप्प्याने इथे सुटे भाग बनवतील त्यांनीच गाड्या काढाव्यात. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथला गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंना मुलुंडपर्यंत कारखाने उभे राहिले, त्यांत कुर्ल्याच्या या कारखान्याचा मान पहिल्या पिढीचा. वालचंद १९५३ मध्ये गेले. आपल्या कारखान्याची ‘पद्मिनी’ ही मोटार मुंबईची टॅक्सी होणार, हे पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

२. एक यंत्र, तीन नावं

ज्याच्या कंपनीशी वालचंदांचं जमलं, तो वॉल्टर क्रायस्लर हा रेल्वेच्या कारखान्यातला कारागीर. १९०८ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याला लोकोमोबिल नावाची गाडी आवडली. किंमत ५,००० डॉलर. त्याच्याकडे होते ७००. उरलेले ४,३०० त्याने कर्जाऊ घेतले, गाडी घरी आणली आणि चालवण्याआधी ती पुन्हा पुन्हा सुटी करून जोडली. गाडी आतून कशी आहे हे कळल्याशिवाय तिच्यावर बसायचं नाही, असा हा माणूस. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्या प्रत्येकाने हा पाठ त्याच्याकडून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

१९२४ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची पहिली गाडी आणली. तिच्या चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. तेव्हा बहुतेक गाड्यांचे ब्रेक लोखंडी सळया आणि तारा ओढून लागत. एक तार सैल पडली की एक चाक कमी धरी आणि गाडी बाजूला ओढली जाई. नळीत भरलेल्या तेलाचा दाब मात्र सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून चारही चाकं एकदम धरतात. हा फायदा नंतर स्वस्त प्लिमथलाही मिळाला.

क्रायस्लर कंपनी १९२५ ची. १९२८ हे तिचं मोठं वर्ष. त्या वर्षी तिने डॉज बंधूंची कंपनी विकत घेतली आणि प्लिमथ व डिसोटो ही दोन नवी नावं बाजारात आणली. सगळ्यात स्वस्त प्लिमथ, वर डॉज आणि डिसोटो, सगळ्यात वर क्रायस्लर. परदेशात एक अडचण आली. लहान देशात डॉज विकणाऱ्या दुकानदारालाही स्वस्त गाडी हवी होती. मग कंपनीने प्लिमथचीच बॉडी घेतली, तिला डॉजचं तोंड लावलं आणि ती डॉज म्हणून विकली. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या नावांच्या गाड्या अशाच झाल्या. म्हणून बॉनेटवर प्लिमथचं गलबत असो की डॉजचा मेंढा, खाली तेच यंत्र असण्याची शक्यता मोठी.

याचा उपयोग काय? समजा, तुमच्या उघड्या प्लिमथच्या पुढच्या चाकाचा हब झिजला आहे आणि गोदामात एखादी त्याच काळातली बंद डॉज भंगारात पडली आहे. नाव वेगळं म्हणून तिच्याकडे पाठ फिरवू नका. ब्रेक, स्टेअरिंग, गिअरबॉक्स, धुरा यांतलं बरंच काही तिच्यातून निघू शकतं. कुर्ल्याने ज्या बंद गाड्या बनवल्या त्यांच्यामुळेच मुंबईतल्या उघड्या गाड्या जगल्या, असं मी म्हणेन. टॅक्सीतळांवर उभ्या राहणाऱ्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांमुळे हे यंत्र दुरुस्त करणारे मिस्त्रीही या शहरात तयार झाले.

३. टप काढला की काय बिघडतं?

लोकांना वाटतं, बंद गाडीचं छत कापलं की झाली उघडी गाडी. इथेच मोठी फसगत होते. पुठ्ठ्याचं मिठाईचं खोकं हातात घ्या. झाकण घट्ट बसलेलं असताना ते पिळून पाहा, सहज पिळत नाही. झाकण काढा आणि पुन्हा पिळा. चारही भिंती तशाच आहेत, पण खोकं लगेच वाकडं होतं. गाडीचं छत हे त्या झाकणाचं काम करतं.

म्हणून कारखान्यात बनलेल्या उघड्या गाडीची चासी वेगळी असते. प्लिमथच्या या मॉडेलच्या चासीत दोन लांब तुळयांच्या मधोमध फुलीच्या आकाराची जाड जोड आहे. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की चासी पिळायला लागते. तो पीळ ही फुली अंगावर घेते. एखादी गाडी मुळातच उघड्या टपाची आहे की मागाहून कापलेली, हे ओळखायला वाकून खाली पाहावं. फुली नसेल तर शंका घ्यावी.

दुसरा आधार म्हणजे दाराखालची पोकळ पत्र्याची पट्टी. बंद गाडीत तिच्यावरचा थोडा भार छत उचलतं. उघड्या गाडीत तो सगळा तिच्यावर येतो. आणि मुंबईत सगळ्यात आधी गंजते तीच. इथला पाऊस जून ते सप्टेंबर धो धो पडतो आणि समुद्राची खारी हवा वर्षभर असते. कापडी टपाच्या शिवणीतून झिरपलेलं पाणी गालिच्याखाली जातं, तिथून पट्टीत उतरतं आणि तिच्या निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असली की आतच राहतं. वरचा रंग चकचकीत आणि आतला पत्रा पापडासारखा, अशा गाड्या या शहरात पुष्कळ निघतात.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा. आधी दार उघडून हाताने वर उचलून पाहा. ते खालीवर हललं तर बिजागरी झिजली आहे, ती आधी दुरुस्त करा. मग दार लावून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. समजा वर ३ मिलिमीटर आणि खाली ७ मिलिमीटर भरली. याचा अर्थ गाडी दोन चाकांच्या मध्ये खाली बसली आहे, म्हणून दाराच्या चौकटीचं वरचं तोंड आवळलं आहे. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर अंगाचा सांगाडा बहुधा सरळ आहे.

गंजलेली पट्टी कापायची वेळ आली तर त्याआधी एक काम चुकवू नये. दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप तात्पुरते वेल्ड करून घ्यावेत. घाईत हे न करता पट्टी कापली, तर कापताक्षणी बॉडी एखाद-दोन मिलिमीटर खचते. नवी पट्टी त्याच वाकड्या जागेत वेल्ड होते आणि गाडी कायमची वाकडी राहते. रंग देऊन झाल्यावर दार लागत नाही, तेव्हा मालक रंगाऱ्याला बोल लावतो. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो. पत्र्याचं काम करणारा चांगला कारागीर आणि घाईचा कारागीर यांतला फरक मला याच एका पायरीवर दिसतो.

टप उघडण्याची युक्तीही मजेची आहे. १९३९ साली प्लिमथने अमेरिकेत असा कापडी टप आणला, जो बटण ओढलं की आपोआप उघडे. त्यात वीज नव्हती, तेलाचा पंपही नव्हता. एंजिन चालू असताना पिस्टन खाली जातो तेव्हा हवा आत ओढतो. ती ओढ नळीने दोन लांब नळकांड्यांपर्यंत नेली होती. नळकांड्यातली हवा शोषली गेली की त्यातला दांडा सरके आणि टपाच्या कमानी उचलल्या जात. म्हणजे टप उघडायला एंजिन चालू हवं आणि एकही नळी फुटकी नको. टप अर्ध्यात अडला तर आधी रबरी नळ्या बदला, कमानी वाकवायला जाऊ नका.

४. एंजिनाची ओळख टेपने

या गाडीत एका ओळीत सहा सिलिंडर आहेत. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंच, पिस्टनची धाव ४.३७५ इंच. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले धाव गुणिले सहा, असा हिशेब केला की साधारण २१८ घन इंच भरतात, म्हणजे सुमारे ३,५७० सीसी. पद्मिनीचं एंजिन १,०८९ सीसीचं. म्हणजे एका प्लिमथमध्ये तीन पद्मिनींहून मोठं एंजिन. लिटरला किती जाते, हे न विचारलेलंच बरं.

इतकं मोठं एंजिन, पण ताकद फक्त ९५ अश्वशक्ती. कारण त्याच्या झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, ब्लॉकमध्येच आहेत. हवेला वळसा घालून आत यावं लागतं आणि मिश्रण फारसं दाबलं जात नाही. पण हीच गोष्ट मुंबईला मानवली. कमी दाबामुळे ते हलक्या दर्जाच्या पेट्रोलवरही ठोका न देता चालतं, आणि झडपा खाली असल्याने वरचं हेड साधं, खोलायला सोपं. अशी एंजिनं क्रायस्लरने पुढे ट्रकला लावली, कारखान्यांतल्या यंत्रांनाही लावली. त्यामुळे त्यांचे रिंग, बेअरिंग, गास्केट आजही अमेरिकेतून मागवता येतात.

मागवण्याआधी मात्र टेप घ्या. ही एंजिनं दोन लांबींची आहेत. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ आणि डॉजच्या हेडची लांबी साडेतेवीस इंचांच्या आसपास असते, तर कॅनडात बनलेल्यांची २५ इंच. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण एकाचं हेड गास्केट दुसऱ्याला बसत नाही. इतक्या वर्षांत आपल्या गाडीत कोणतं एंजिन चढवलं गेलं, हे मालकाला ठाऊक असेलच असं नाही. १९७० च्या दशकात पेट्रोल महागल्यावर कितीतरी अमेरिकन गाड्यांत डिझेल एंजिनं बसली. त्या काळात त्यामुळेच त्या भंगारात जायच्या वाचल्या, म्हणून त्या मालकांना आज नावं ठेवू नयेत.

विजेबद्दल थोडंसंच. या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची आहे. ३६ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपिअर ओढतो, १२ व्होल्टवर ३. दुप्पट प्रवाहाला जाड तार लागते. इलेक्ट्रिशियनने आजच्या गाडीची बारीक वायर घातली की दिवे मिणमिणतात, स्टार्टर कण्हतो आणि वायर तापते. शिवाय बॅटरीचं अधिक टोक चासीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या उलट.

आणि आताच्या काळातली एक खबरदारी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

५. ‘मूळ’ म्हणजे किती मूळ?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली असतील आणि चासी, बॉडी, एंजिन यांत मोठे बदल केलेले नसतील, तर गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही दोन अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मुंबईच्या गाडीला ‘बीएम’ने सुरू होणारा जुना क्रमांक असेल तर तो जिवापाड जपावा. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. तिच्याहून कितीतरी जुनी प्लिमथ या नियमामुळे रस्त्यावर येऊ शकते.

पण ‘मूळ’ या शब्दाच्या नावाखाली एक गोष्ट होते, ती मला पटत नाही. अमेरिकेतली पुस्तकं समोर ठेवून गाडी तंतोतंत डेट्रॉइटची करायची म्हणून लोक इथल्या खुणा काढून टाकतात. उजवीकडचं स्टेअरिंग, इथे बनलेले भाग, प्रीमियरची पाटी, इथल्या कारखान्याच्या रंगाचा खालचा थर. कुर्ल्यात जोडलेल्या गाडीचं मूळ रूप कुर्ल्याचं आहे. तिथल्या कामगाराने बसवलेला भाग दोष म्हणून काढणं म्हणजे गाडीचा खरा जन्मदाखला फाडणं. रंग खरवडण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढा, प्रत्येक पाटीवरचा आकडा वहीत उतरवा आणि इथला भाग चालण्यासारखा असेल तर तोच ठेवा.

कुर्ल्याचा कारखाना आता नाही, त्या जमिनीवर वसाहती उभ्या आहेत. डिसोटो हे नाव १९६० मध्ये संपलं, प्लिमथ २००१ मध्ये. प्रीमियरने आयुष्यात ज्या परदेशी कंपन्यांशी हात मिळवले, त्यांतल्या क्रायस्लर, फियाट आणि प्युजो २०२१ पासून स्टेलांटिस या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. त्यांची कागदपत्रं त्यांच्या देशांत जपली जातील. कुर्ल्याची मात्र आपल्याच घरांत आहेत. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडमध्ये ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी प्रीमियरमध्ये नोकरी केली, त्यांनी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडावी. सुट्या भागांची यादी, दुरुस्तीचं पुस्तक, खात्याचा फोटो, ओळखपत्र, जे निघेल ते रद्दीत घालू नका. त्याची प्रत काढून जुन्या गाड्यांच्या एखाद्या संस्थेकडे द्या, आणि जे कामगार अजून आपल्यात आहेत त्यांच्याकडून गाडी कशी जोडत होते ते ऐकून लिहून ठेवा.